सलाईन वीस मिनिटांत संपलं, हॉस्पिटल म्हणतं ॲलर्जी

प्रश्न : वडील (64) पायाच्या चिघळलेल्या जखमेसाठी खासगी हॉस्पिटलात दाखल होते. व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचा 1 ग्रॅमचा पहिलाच डोस 100 मिलीच्या बाटलीतून वीस मिनिटांत गेला. चेहरा, मान लाल झाली, अंगाला खाज सुटली आणि बीपी कोसळलं. चार दिवस आयसीयूत होते, आता बरे आहेत. हॉस्पिटल म्हणतं, ‘ॲलर्जी होती, संमतीपत्रावर तुमची सही आहे.’ कागदपत्रं देत नाहीत. दाद मागता येईल का?

उत्तर : येईल. मात्र सगळं प्रकरण औषध किती वेगाने गेलं, यावर उभं राहील.

हे औषध भरभर सोडलं की शरीरात हिस्टामिन हे खाज, लाली आणणारं रसायन सुटतं आणि तुम्ही लिहिलीत तीच लक्षणं दिसतात. ही बहुतेकदा खरी ॲलर्जी नसते. 1 ग्रॅमची पूड 20 मिली पाण्यात विरघळवून किमान 200 मिली सलाईनमध्ये मिसळतात आणि मिनिटाला 10 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणजे 100 मिनिटं लागतात. तुमच्या वडिलांना मिनिटाला 50 मिलिग्रॅम गेलं. नुसत्या 100 मिलीवर भर देऊ नका. ‘पाणी कमी द्यायचं होतं’ असं उत्तर येऊ शकतं. वीस मिनिटांना उत्तर नाही.

दुबळी बाजूही ऐका. योग्य वेगातही कधी रिॲक्शन येते आणि जखमेच्या जंतुसंसर्गानेही बीपी पडतं. चार्टवर ‘100 मिनिटं’ लिहिलेलं निघालं, तर ते खोडायला तुमच्याकडे पुरावा हवा. घरच्यांना पाठवलेले ‘सलाईन लावलं’, ‘चेहरा लाल झालाय’ असे मेसेज वेळेसकट जपा, फोन बदलू नका. ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा.

आजच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. केसपेपर, औषधांचा चार्ट, सिस्टरच्या नोंदी, आयसीयू चार्ट, संमतीपत्र, फार्मसीची बिलं अशी नावं घालून मागा. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार 72 तासांत कागद द्यावे लागतात. वॉर्डचं सीसीटीव्ही जपून ठेवा, असंही त्यातच लिहा. जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. संमतीपत्राची धास्ती नको. सही उपचाराला असते, हलगर्जीपणाला नाही.

मग जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. हॉस्पिटलला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. विरुद्ध पक्ष हॉस्पिटललाच करा, बाटली लावणाऱ्या सिस्टरला एकटीला नव्हे. स्प्रिंग मेडोज खटल्यात (1998) नर्सने टायफॉइडच्या मुलाला क्लोरॅम्फेनिकॉलऐवजी क्लोरोक्विन शिरेतून दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने हॉस्पिटलला जबाबदार धरलं. तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात सक्तीचं नाही, हे 2010 च्या व्ही. किशन राव निकालाने ठरलं. तरी तुमच्या प्रकरणात फार्माकॉलॉजीच्या (औषधशास्त्राच्या) प्राध्यापकाचं एक पानी मत जोडाच. सगळा वाद वेगाचा आहे.

पोलिसांत आधी जाऊ नका. जेकब मॅथ्यू निकालानंतर (2005) डॉक्टरवर फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा आणि दुसऱ्या डॉक्टरचं स्वतंत्र मत लागतं. त्यात महिने जातात आणि ग्राहक आयोगाची दोन वर्षांची मुदत तेवढ्यासाठी थांबत नाही.

एक गोष्ट आयोगाबाहेरची. डिस्चार्ज कार्डावर ‘व्हॅन्कोमायसिन ॲलर्जी’ लिहिलं असेल, तर वडिलांच्या डॉक्टरांना दाखवून तपासून घ्या. तो शेरा चुकीचा असेल, तर पुढच्या गंभीर संसर्गात हेच औषध विनाकारण नाकारलं जाईल.