भिंतीवरची मूल्यं आणि ओटीचा दर

सल्ला मागायला आलेल्या एका कारखान्याच्या मालकांची अडचण त्यांच्याच शब्दांत थोडक्यात अशी: "भोसरी एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं युनिट आहे, माणसं ६४. दीड वर्षापूर्वी आम्ही कंपनीची चार मूल्यं ठरवली. गुणवत्ता, सचोटी, सतत शिकणं आणि 'आपण एक कुटुंब'. फ्रेम करून लावली, दोन दिवसांचं ट्रेनिंग घेतलं, टी-शर्ट वाटले. तरी सहा महिन्यांत नऊ ऑपरेटर सोडून गेले आणि जे आहेत ते फक्त घड्याळाकडे बघतात. माणसांची स्वतःची स्वप्नं आणि कंपनीची मूल्यं जुळवायची तरी कशी?"

लहान-मध्यम कारखान्यांतून हा प्रश्न नेहमी येतो आणि त्यात एक गृहीतक लपलेलं असतं: कामगारांना मूल्यं नीट समजलेली नाहीत. प्रत्यक्षात ती त्यांना फार चांगली समजलेली असतात, फक्त ती भिंतीवरची नसतात. पगारपत्रक, इन्सेन्टिव्हचा हिशेब आणि शिफ्टचा तक्ता या तीन कागदांवरून कंपनी कशाला किंमत देते ते त्यांनी पहिल्या दोन महिन्यांतच वाचलेलं असतं. म्हणून या प्रकरणात कार्यशाळा वगैरे काही न घेता आधी गेल्या तीन महिन्यांचे हेच कागद मागवले.

त्यात निघालं ते असं. पगार महिन्याच्या १० ते १२ तारखेच्या दरम्यान होत होता, कायद्याने तो ७ तारखेच्या आत व्हायला हवा. ओव्हरटाइम (ओटी) एकेरी दराने दिला जात होता. १९४८ च्या कारखाना अधिनियमापासून तो दुप्पट दराने देणं बंधनकारक आहे. वर्षभरात बाहेरच्या ट्रेनिंगला पाच जण गेले होते, पाचही सुपरवायझर. आणि दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापला जात होता. 'एक कुटुंब' हा शब्द तेव्हाच काढून टाका असं सुचवलं. उशिरा जेवायला आलेल्या मुलाची अर्धी पोळी कोणतीही आई कापत नाही, आणि हा विनोद कामगार कॅन्टीनमध्ये आधीपासून करत होते.

सगळ्यात बोलका कागद इन्सेन्टिव्हचा होता. बेअरिंग हाउसिंगच्या (बेअरिंग बसवायच्या भागाच्या) लाइनवर एका शिफ्टला १८० जॉबचं, म्हणजे नगांचं, नॉर्म (ठरलेला किमान आकडा), त्यावरच्या प्रत्येक जॉबला २ रुपये. मोजणी मशीनवरच्या काउंटरची, जॉब चांगला की वाईट याचा संबंध नाही. आता ऑपरेटरच्या जागी उभं राहून पाहा. इन्सर्ट (मशीनचं बदलता येणारं कापायचं टोक) झिजत चालला की बोअर (जॉबमधलं गोल भोक) हळूहळू लहान येऊ लागतो. इन्सर्ट बदलून ऑफसेट (नव्या टोकानुसार मापाची दुरुस्ती) द्यायला आठ-दहा मिनिटं, म्हणजे चार जॉब, म्हणजे ८ रुपये. पण बदलल्यावर पहिला जॉब इन्स्पेक्शनकडून पास करून घ्यावा लागतो आणि इन्स्पेक्टर दोन लाइनला एकच. त्याची वाट पाहण्यात अर्धा तास गेला की बारा जॉब गेले. नॉर्मच गाठलं नाही तर त्या दिवशीचा इन्सेन्टिव्ह शून्य. मग माणूस इन्सर्ट ताणतो. फायनल इन्स्पेक्शनला लहान बोअरचे जॉब सापडतात, ते दुसऱ्या शिफ्टमध्ये पुन्हा बोअर केले जातात, आणि त्या रिवर्कसाठीच ओटी लावली जाते, तीही एकेरी दराने. 'गुणवत्ता' आणि 'सचोटी' ही दोन्ही मूल्यं या एका पत्रकाने पार निकालात काढली होती. यात ऑपरेटरच्या वृत्तीचा काही दोष नव्हता.

पहिली पायरी म्हणून कामगारांच्या स्वप्नांचा विषय काढायचाच नाही असं ठरलं. आधी पगाराची तारीख आणि ओटीचा दर. मालकांचं उत्तर अपेक्षित होतं: "आजूबाजूला सगळे एकेरीच देतात." हिशेब मांडला. १८,००० पगार, २६ दिवस, ८ तास, म्हणजे तासाला साधारण ८६ रुपये. महिन्याला १६ तास ओटी धरली तर दुपटीमुळे माणशी सुमारे १,४०० रुपये वाढतात. ओटी करणारे ३० जण, म्हणजे ४२,००० च्या आसपास. आकडा बोचला, पण त्याचा फायदा असा झाला की रिवर्क महाग आहे हे पहिल्यांदा कागदावर दिसलं. एकेरी दरात ते स्वस्त वाटत होतं, म्हणून कुणी त्याच्या मुळाशी गेलं नव्हतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. पगार वेळेवर नाही, कायद्याचे पैसे पूर्ण नाहीत अशा ठिकाणी 'वैयक्तिक ध्येय' विचारायला बसणं कामगाराला थट्टेसारखं वाटतं. दोन महिने फक्त हे सुधारण्यात गेले, आणि ते घाईने उरकण्यासारखं काम नव्हतंच.

त्याच काळात इन्सेन्टिव्ह बदलला. फायनल इन्स्पेक्शनला पास झालेलेच जॉब धरायचे. इन्सर्ट बदलण्याची दोन वेळची मिनिटं नॉर्ममधून वजा. आणि आपण होऊन लाल पेटीत टाकलेल्या खराब जॉबबद्दल कुठलीही कपात नाही, कुठलीही मेमो नाही. इथे हमखास गडबड होते ती झालीच. लाल पेटीत आधी शिफ्टला तीन-चार जॉब असायचे, ते दुसऱ्या आठवड्यात अकरावर गेले. मालकांचा फोन आला की रिजेक्शन तिप्पट झालं. झालं नव्हतं, आधी जे पॅलेटच्या तळाशी दडत होतं ते वर आलं होतं. या आठवड्यात एकदा जरी शॉपवर आरडाओरडा झाला असता तर पेटी पुन्हा रिकामी झाली असती आणि पुढची दोन वर्षं रिकामीच राहिली असती.

मग संभाषणं. सगळ्या ६४ जणांशी एकदम नाही, त्याच लाइनवरच्या १८ जणांशी. प्रत्येकी ४० मिनिटं, कामाच्या वेळेत, मशीन दुसऱ्याच्या ताब्यात देऊन, आणि मालकांच्या केबिनमध्ये नव्हे तर कॅन्टीनच्या कोपऱ्यात. बोलणारी व्यक्ती एचआरची. थेट सुपरवायझर कधीही नको. पहिल्या पाच मुलाखती वाया गेल्या, कारण प्रश्न होता, "तुमचं ध्येय काय?" पाचही जणांनी "कंपनीची प्रगती" असं ठोकून दिलं. शाळेच्या निबंधासारखा प्रश्न विचारला की उत्तरही निबंधाचंच मिळतं. मग प्रश्न बदलले. गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी घरी जाताना बरं वाटलं? त्या दिवशी काय झालं होतं? घरून फोन आला की जास्त करून कशाबद्दल असतो? हे काम सोडलंत तर पहिलं कारण काय असेल? इथे कुणीही करत नाही असं कोणतं काम तुम्हाला येतं?

आता खरी उत्तरं आली. चौतिशीतल्या सेटरला (जॉबसाठी मशीन लावून देणाऱ्याला) मशीनचं प्रोग्रॅमिंग शिकायचं होतं. तो दोन वर्षं यूट्यूबवर बघत होता, पण कंट्रोलरवर हात लावायची परवानगी नव्हती. इन्स्पेक्शनमधल्या ताईंची पहिली शिफ्ट सातला आणि मुलीची स्कूल व्हॅन सव्वासातला. बीडकडचा तेवीस वर्षांचा ऑपरेटर पोलीस भरतीची तयारी करत होता. छप्पन्न वर्षांचे फिटर आधी "काही नको" म्हणाले, मग थांबून म्हणाले की पोरांसमोर कुणी अरेतुरे करू नये एवढं बघा. एकाला भागीदारीत स्वतःचं सेकंडहँड व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारं मिलिंग मशीन) घ्यायचं होतं. आणि तिघांना खरंच काही नको होतं: काम करायचं, घरी जायचं. हेही पूर्ण उत्तर आहे. त्यांच्या मागे लागून 'ध्येय' काढायला जाऊ नये.

यानंतर एक कागद, तीन रकाने. पहिल्यात कंपनीची गरज, आकड्यासह. दुसऱ्यात माणसाची इच्छा, त्याच्या शब्दांत. तिसऱ्यात ९० दिवसांचं एकच काम, जे दोन्हीला पुढे नेतं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवायचा, ओढूनताणून भरायचा नाही. सेटरच्या बाबतीत ओळ अशी झाली: बोअरचं रिवर्क कमी व्हायला हवं / प्रोग्रॅमिंग शिकायचंय / दर गुरुवारी चार तास प्रोग्रॅमरच्या शेजारी बसून याच जॉबचा प्रोग्रॅम आणि टूल ऑफसेटचा हिशेब शिकणं. मशीनचा दर तासाला ४५० धरला तर आठवड्याला १,८०० रुपयांचा वेळ. मालकांना तो आकडा सांगूनच मंजुरी घेतली. फुकट आहे असं सांगून सुरू केलेली गोष्ट पहिल्या अडचणीत बंद पडते.

अडचण तिसऱ्या आठवड्यात आली. महिनाअखेर, डिस्पॅचची घाई, सुपरवायझरने गुरुवार रद्द केला. पुढचाही केला. सेटर काहीच बोलला नाही, पण त्याने वही घरी नेली. बहुतेक जुळवाजुळव अशाच गुरुवारी मरते, आणि सुपरवायझरला दोष देऊन उपयोग नसतो, कारण त्याला जाब विचारला जातो तो फक्त डिस्पॅचचा. उपाय साधा निघाला. ते चार तास प्रॉडक्शन प्लॅनमध्ये जॉब नंबर देऊन टाकले, मेंटेनन्सचे टाकतात तसे. आता ते रद्द करायचे तर प्लॅन बदलावा लागे आणि त्यावर मालकांची सही लागे. सही मागायला कुणी गेलं नाही.

ताईंचं काम सर्वांत सोपं होतं आणि सर्वांत उशिरा झालं, कारण "एकीला दिलं तर सगळ्या मागतील." चौकशी केली तर लाइनवर बायका चारच, आणि त्यातल्या दोघींना सातचीच शिफ्ट हवी होती. ताईंना साडेआठची जनरल शिफ्ट मिळाली. त्यामुळे पहिल्या शिफ्टच्या शेवटाला दुसरी शिफ्ट सुरू होते तेव्हा, म्हणजे पहिला जॉब पास करायची गर्दी असते तेव्हा, दोन इन्स्पेक्टर हजर राहू लागले. इन्सर्ट ताणण्याचं निम्मं कारण तिथे संपलं.

भरतीवाल्या मुलाबद्दल मालकांचा सवाल होता, "जाणाऱ्यासाठी कशाला करायचं?" त्याला सकाळी मैदान हवं होतं, १६०० मीटर धावणं आणि गोळाफेकीच्या सरावासाठी. दुसरी शिफ्ट कुणालाच नको होती. त्याला ती कायमची दिली, बदल्यात त्याने आपलं मशीन आणखी एका ऑपरेटरला पूर्ण शिकवायचं. तो जाणार हे ठरलेलंच होतं. नोटीस न देता एका सोमवारी गायब होणं आणि हाताखाली माणूस तयार करून जाणं, यातलं काय हवं एवढंच मालकांच्या हातात होतं. व्हीएमसी घेणाऱ्याच्या बाबतीत मात्र तिसरा रकाना रिकामाच राहिला. कॉस्टिंग (जॉबच्या खर्चाचा हिशेब) शिकवावं का यावर चर्चा झाली, मालकांना गिऱ्हाईक जाण्याची भीती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. त्याला तसं सरळ सांगितलं. तो अजून कामावर आहे, पूर्वीपेक्षा मोकळं बोलतो, इतकंच.

फिटर काकांना आठवड्यातून दोन तास नव्या अप्रेंटिसना गेज (माप तपासायचं साधन) धरायला शिकवण्याचं काम दिलं. पैशात काही वाढलं नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी आतून येणाऱ्या प्रेरणेच्या तीन गरजा मांडल्या आहेत: स्वतः ठरवता येणं, जमतंय असं वाटणं, माणसांत आपली जागा असणं. काकांचं प्रकरण तिसरीचं, सेटरचं दुसरीचं. मात्र पहिल्या गरजेवर बहुतेक कारखान्यांत कुणी हात घालत नाही. इथेही इन्सर्ट केव्हा बदलायचा हे ऑपरेटरने ठरवायचं, एवढंच झालं.

पुढच्या सहा महिन्यांत चार जण सोडून गेले, रिवर्कचे तास महिन्याला ११० वरून ६५ वर आले. सगळं श्रेय या कागदाला देता येणार नाही. त्याच सुमारास शेजारच्या दोन मोठ्या कंपन्यांची भरती थंडावली होती.

मार्चमध्ये इन्क्रिमेंटच्या वेळी मालकांनी विचारलं की ती तीन रकान्यांची पत्रकं अप्रेझलच्या फाइलला जोडायची का. नाही. तोवर एका सुपरवायझरने भरतीच्या मुलाला सुनावलंही होतं, "तुला तर पोलिसात जायचंय, मग तुला वाढ कशाला?" ही बातमी एका दिवसात लाइनभर पसरली आणि दुसऱ्या तुकडीच्या मुलाखतीत पुन्हा "कंपनीची प्रगती" ऐकू येऊ लागली. त्या मुलाची वाढ इतरांच्याच निकषाने झाली आणि ती झाल्याचं त्याला मालकांनी स्वतः सांगितलं. पत्रकं एचआरच्या कुलपाच्या कपाटात गेली. सुपरवायझरला आता फक्त तिसरा रकाना मिळतो, वेगळ्या कागदावर, कामाची वेळ आणि जॉब नंबर घालून.