लाइमचे जिवाणू : गोचिडांत किती, माणसांत किती?

प्रश्न : ईशान्य अमेरिकेत जवळजवळ निम्म्या गोचिडांमध्ये, गोचीड चावल्याने माणसाला होणाऱ्या लाइम आजाराचे जिवाणू सापडतात आणि त्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर ते फारच थोड्या गोचिडांत असतात, असे वाचनात आले. हा फरक कशामुळे पडतो? जिथे निम्मे गोचीड बाधित आहेत, तिथे माणसांतही लागण तेवढीच असते का?

उत्तर : आपण वाचलेला ‘निम्मे’ हा आकडा बरोबर आहे, पण तो पूर्ण वाढ झालेल्या गोचिडांचा आहे. बोरेलिया बर्गडॉर्फेरी हा लाइमचा जिवाणू मादीकडून अंड्यांत उतरत नाही, त्यामुळे अंड्यातून निघालेली अळी निर्दोष असते. तिला लागण होते ती पहिल्यांदा रक्त पिताना, बहुधा एखाद्या बाधित उंदराच्या अंगावर. त्यापुढच्या अवस्थेतील गोचीड, ज्याला निम्फ म्हणतात, तोवर एकदाच रक्त प्यालेला असतो, तर प्रौढ गोचीड दोनदा. म्हणूनच ईशान्येत निम्फांमधील प्रमाण साधारण २० ते २५ टक्के असते आणि प्रौढांमध्ये ते जवळपास दुप्पट होते. आकडा कोणत्या अवस्थेचा आहे हे पाहिल्याशिवाय दोन प्रदेशांची तुलना करू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅलिफोर्नियात हाच क्रम उलटा आहे आणि त्याचे कारण मोठे विलक्षण आहे. तिथल्या गोचिडाची जात वेगळी असून तिच्या अळ्या आणि निम्फ मोठ्या प्रमाणावर एका स्थानिक सरड्याच्या अंगावर पोसले जातात. या सरड्याच्या रक्तातील एक घटक बोरेलिया जिवाणूंना मारतो, इतकेच नव्हे तर आधीच बाधित असलेला निम्फ त्याचे रक्त प्याला की निम्फाच्या पोटातले जिवाणूही नष्ट होतात. परिणामी तिथल्या प्रौढ गोचिडांत जिवाणूंचे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास राहते आणि निम्फांत ते त्याहून अधिक आढळते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तर ईशान्येतलीच जात आहे, तरीही तिथले निम्फ पालापाचोळ्याखाली राहून सरड्यांवर जगतात, त्यामुळे तिथेही बाधित गोचीड विरळ आहेत. युरोपात गोचिडांची जात निराळी आणि बोरेलियाच्याही अनेक जाती. तिथल्या अनेक पाहण्या एकत्र करून काढलेली सरासरी १२ ते १४ टक्के भरते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. माणसाला धोका किती, हे केवळ टक्केवारीवर ठरत नाही, तर विशिष्ट क्षेत्रात बाधित निम्फ किती आहेत यावर अधिक ठरते. ते मोजण्यासाठी अभ्यासक पांढरे फलालीन जमिनीवरून ओढत नेऊन त्याला चिकटलेले गोचीड वेचतात. हरणे गोचिडांना हा जिवाणू देत नाहीत, पण प्रौढ गोचिडांना पोसतात, म्हणून हरणे वाढली की टक्केवारी वाढली नाही तरी गोचिडांची संख्या वाढू शकते. प्रौढ गोचीड अंगावर लवकर दिसतो आणि काढला जातो. खसखशीच्या दाण्याएवढा निम्फ मात्र सहज नजरेतून सुटतो, आणि जिवाणू शरीरात जाण्यासाठी गोचीड सहसा चोवीस तासांहून अधिक काळ चिकटून राहावा लागतो.

माणसांचे आकडेही जपून वाचावेत. २०१० ते २०१८ या काळात अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,७६,००० लोकांवर लाइमचे निदान होऊन उपचार झाले असावेत, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. प्रत्यक्ष नोंदवलेले रुग्ण मात्र याच्या दशांशाहूनही कमी होते. २०२२ मध्ये नोंदणीचे निकष बदलले आणि २०२३ मधील नोंदी ८९,००० वर गेल्या, म्हणून ही सगळी वाढ आजाराची मानता येत नाही.

रक्तातील प्रतिपिंडांचा, म्हणजे लागण झाल्यावर शरीर जिवाणूंविरुद्ध तयार करते त्या घटकांचा, हिशेब आणखी निराळा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात ती सरासरी १४.५ टक्के लोकांत आढळली. मध्य युरोपात सुमारे २१ टक्के, तर दक्षिण आशियात ३ टक्के. ही रुग्णांची संख्या नव्हे, कारण आजार बरा झाल्यावरही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकतात, आणि जिथे आजार दुर्मीळ आहे तिथे चाचणीचा होकार चुकीचा ठरण्याची शक्यता अधिक असते. उलट लागण ताजी असताना प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे लागतात आणि चाचणी नकारार्थी येऊ शकते; म्हणून ज्या प्रदेशात हा आजार आहे तिथे त्वचेवर पसरत जाणारा लालसर चट्टा दिसताच डॉक्टर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात.