रोजचे शंभर प्रश्न आणि कॅलेंडरवरचे आकडे

प्रश्न : माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. त्याला अमेरिकेत इंजिनिअरिंगला पाठवायचं आम्ही ठरवलं आहे. माझा भाचा डॅलसला असतो, त्याने सॅट (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) द्यायला सांगितलं आणि स्वतःची जुनी पुस्तकंही पाठवली. चार महिने झाले. गणितात 800 पैकी 740 पर्यंत जातो, पण रीडिंग अँड रायटिंगचा स्कोअर 550 वर अडकलाय. पहाटे पाचला उठवतो, रोज 100 प्रश्न सोडवून घेतो, रात्री मी स्वतः तपासतो आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आकडा लिहितो, म्हणजे घरात सगळ्यांना दिसतो. निबंधासाठी वेगळे सर लावलेत. संध्याकाळचा फुटबॉल बंद केला आहे. सातवीपर्यंत मराठी माध्यमात घातलं ही आमची चूकच झाली. वाचन-लेखनाचा सराव आणखी कसा करून घ्यावा? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर :

नमस्कार. तुम्ही सरावाबद्दल विचारलंत. त्याचं उत्तर देते, पण आधी मी त्या कॅलेंडरपाशीच अडखळले.

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर म्हणजे दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, चतुर्थी, कुणाचं तरी लग्न. त्यात आता 61, 58, 63. हे आकडे आजी बघते, भांडी घासायला येणाऱ्या मावशी बघतात, रविवारी जेवायला आलेले पाहुणेही बघतात. आणि ज्याचे आकडे आहेत तो सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दोन्ही वेळेला त्यांच्यासमोर बसून भाकरी खातो. असं झालं की मुलं काय शिकतात, ते मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांत पुष्कळ वेळा पाहिलंय. ती आकडा वाचवायला शिकतात. जमणारे प्रश्न आधी उरकतात, अवघडात अडकलं की अंदाजपंचे खूण करून मोकळी होतात, काही जण तर उत्तरतालिका आधीच चाळून ठेवतात. तुमचा मुलगा तसं करतो असं मी म्हणत नाही. पण चार महिने रोज शंभर प्रश्न सोडवूनही स्कोअर जागचा हलत नसेल, तर शंका घ्यायला जागा आहे. ते पान आज उतरवा. तपासणंही थांबवा. तुम्ही त्याचे वडील आहात, सुपरवायझर नव्हे.

आता त्या निबंधाच्या सरांचं. तुमच्यासारखे बरेच पालक 'रायटिंग' हा शब्द वाचून निबंधाकडे धावतात. सॅटमध्ये आता निबंध नाही. पूर्वी होता. मग तो ऐच्छिक झाला आणि 2021 मध्ये बंदच झाला. अमेरिकेतल्या काही राज्यांत शाळांमार्फत होणाऱ्या परीक्षेपुरता तेवढा उरलाय. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला रीडिंग अँड रायटिंग विभागात एक ओळही लिहायची नसते. तिथे 'रायटिंग' म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या वाक्यात योग्य विरामचिन्ह, योग्य क्रियापद, योग्य जोडशब्द निवडणं, किंवा दिलेल्या टिपणांवरून सांगितलेल्या हेतूला चपखल बसणारं वाक्य ओळखणं. चार पर्याय, एकावर क्लिक, पुढे चला. भाच्याची पुस्तकं जुनी आहेत म्हणता, ती मात्र बघा. मार्च 2023 पासून अमेरिकेबाहेर ही परीक्षा संगणकावर आली आणि तिचं रूपच पालटलं. पूर्वी लांबलचक उतारा आणि त्याखाली दहा-अकरा प्रश्न असायचे. आता उतारा 25 ते 150 शब्दांचा आणि त्यावर एकच प्रश्न. पुस्तकं त्याआधीची असतील तर तुमचा मुलगा चार महिने एका बंद झालेल्या परीक्षेची तयारी करतोय. भाच्याचा हेतू चांगला आहे, पण त्याची परीक्षा वेगळी होती. ती पुस्तकं रद्दीत घाला आणि सरांना नमस्कार करून मोकळं करा.

या विभागाचं सध्याचं स्वरूप थोडक्यात सांगते. दोन भाग, प्रत्येकी 27 प्रश्न आणि 32 मिनिटं. पहिला भाग कसा सोडवला त्यावर दुसरा सोपा येणार की अवघड ते ठरतं, त्यामुळे पहिल्यात घाई नको. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नये. सरावाच्या पूर्ण परीक्षा कॉलेज बोर्डाच्या, म्हणजे सॅट घेणाऱ्या संस्थेच्या, ब्लूबुक ॲपवर फुकट आहेत, त्यांची प्रश्नपेढी आणि खान अकॅडमी ही शिकवणारी वेबसाइटही फुकट. एवढ्यावर भागतं.

मग अडतंय कुठे? तुम्ही फाउंड्रीवाले आहात, तुमच्याच भाषेत विचारते. कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूने पडलेली भोकं, दिसायला लागली तर आणखी दोनशे नग ओतता का? नाही. वाळूत ओलावा जास्त झालाय का, साच्यातल्या वायूला बाहेर जायला वाट आहे का, धातू पुरेसा तापला होता का, हे बघता. रिजेक्शनचा ढीग कारणाप्रमाणे वेगळा लावता. घरी मात्र गेले चार महिने तुम्ही नुसते नग ओतताय आणि रात्री रिजेक्शन मोजून भिंतीवर लिहिताय.

रोज बारा-पंधरा प्रश्न बास. पण चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे मुलाने वहीत एक ओळ लिहायची, मराठीत लिहिली तरी चालेल. बरोबर उत्तर का बरोबर, हे स्पष्टीकरणात छापलेलंच असतं. त्याने लिहायचं ते 'मी हा दुसरा पर्याय का उचलला'. 'शब्द ओळखीचा दिसला म्हणून.' 'शेवटचं वाक्य वाचलंच नाही.' 'दोन उरले होते, कंटाळून एक मारला.' ही वही तुम्ही बघायची नाही. बघणार असाल तर तो खरं लिहिणार नाही.

वाचनाच्या प्रश्नांत सगळ्यात जास्त मुलं कुठे घसरतात, त्याचा एक नमुना आपल्या मातीतला करून दाखवते. हा उतारा समजा :

'गुऱ्हाळात उसाच्या रसातली मळी वर यावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. नुसता हा रस वापरून केलेला गूळ रंगाने गडद होतो. बाजारात मात्र पिवळ्या गुळाला जास्त भाव मिळतो. म्हणून काही गुऱ्हाळमालक गूळ उजळ दिसावा यासाठी रसायन वापरतात.'

यावरून काय निष्कर्ष निघतो? एक, रसायन घातलेला गूळ तब्येतीला वाईट असतो. दोन, भेंडी वापरणारी गुऱ्हाळं बंद पडत चालली आहेत. तीन, गुळाचा भाव ठरण्यात रंगाचा वाटा असतो. चार, गडद गूळ चवीला सरस असतो.

कोल्हापूरचं पोर पहिल्यावर बोट ठेवणार. गुळाचं आपल्याला कुणी शिकवायचं? पण उताऱ्यात तब्येत हा शब्दच नाही. ते बाहेर खरं असेलही, इथे लिहिलेलं नाही. दुसरा पर्याय 'काही' या शब्दावरून उडी मारून थेट सगळी गुऱ्हाळं बंद करून टाकतो. चौथं तर आपल्या आजीचं मत आहे. उरला तिसरा. मिळमिळीत आहे, वाचून कुणाला काही वाटणार नाही, पण उताऱ्यातून तेवढंच निघतं. या परीक्षेतलं बरोबर उत्तर पुष्कळदा असं मिळमिळीतच असतं. हुशार मुलांना ते आवडत नाही, कारण त्यांना आणखी बरंच काही माहीत असतं. गणितात 740 घेणारा मुलगा बहुधा इथेच अडकला असावा. त्याला इंग्रजी येत नाही असं नाही, तो समोरच्या चार ओळींत स्वतःची भर घालतोय. हे दोन-तीन आठवड्यांत सुधारण्यासारखं आहे, फक्त प्रत्येक उत्तरापाशी 'हे कुठल्या ओळीत लिहिलंय?' असं स्वतःला विचारायची सवय लागायला हवी.

हाच प्रश्न मी तुमच्या पत्राला विचारून पाहिला. मुलाला अमेरिकेत शिकायचंय, हे कुठल्या ओळीत लिहिलंय? 'पाठवायचं आम्ही ठरवलं', 'उठवतो', 'सोडवून घेतो', 'तपासतो', 'बंद केला'. क्रियापदं सगळी तुमची. मुलगा स्वतः होऊन करतो ते एकच, गणितात 740 पर्यंत जातो, आणि त्या वाक्यापाशी तुम्ही क्षणभर थांबतही नाही, लगेच 'पण' येतो. कदाचित त्याला खरोखर जायचं असेल. कदाचित तुमच्यापेक्षा जास्त. पण उताऱ्यात ते नाही.

मराठी माध्यमाबद्दल थोडं रागानेच लिहिते. चूक वगैरे काही झालेली नाही, ही हळहळ मुलासमोर तरी बोलू नका. मराठीच्या सवयी या परीक्षेत कुठे आडव्या येतात ते नेमकं सांगता येतं आणि त्या जागा फार नाहीत. आपण सहज म्हणतो, 'रंकाळ्यावर चालताना जोराचा पाऊस आला.' मराठीत यात काही चूक नाही; चालणारा मी आहे हे ऐकणाऱ्याला कळतं. हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं की चालणारा होतो पाऊस. इंग्रजीत अशा वाक्याच्या सुरुवातीला जी क्रिया येते, तिचा कर्ता स्वल्पविरामानंतर लगेच यावा लागतो, आणि सॅटमध्ये यावर प्रश्न येतात. दुसरं म्हणजे, 'पाऊस आला, मॅच थांबली' अशी दोन पूर्ण वाक्यं आपण नुसत्या स्वल्पविरामाने जोडतो आणि कुणी हरकत घेत नाही. इंग्रजीला तिथे अर्धविराम, पूर्णविराम नाहीतर जोडशब्द लागतो. असले व्याकरणाचे प्रश्न 54 पैकी 11 ते 15 असतात. सगळे नियमांचे. ज्याला गणित येतं त्याला हे शिकायला मजा येते. उलट दोन भाषांत वाढलेल्या मुलाला वाक्य कुठे वेगळं वळतं ते चटकन दिसतं, फक्त ते कुणीतरी एकदा दाखवायला लागतं.

सॅट सगळीकडे लागतेच असंही नाही. एमआयटीने 2022 मध्ये सॅट किंवा एसीटी या तशाच दुसऱ्या परीक्षेचे गुण पुन्हा सक्तीचे केले, हार्वर्डने 2024 मध्ये तसंच जाहीर केलं; पुष्कळ विद्यापीठांत ते अजून ऐच्छिक आहेत. विद्यापीठांची यादी आधी करा, मग ठरवा. चार वर्षांची फी, कर्जाचं व्याज आणि डॉलरचा भाव एका कागदावर मांडा, बायकोसमोर मांडा. जेईई आणि सीईटीचं काही लिहीत नाही, त्यांचे क्लास गल्लोगल्ली आहेत. ते दार मात्र बंद करू नका.

राहिला फुटबॉल. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने लागले की अख्ख्या पेठा ओस पडतात, त्या गावात तुम्ही सोळा वर्षांच्या पोराला संध्याकाळी सहा वाजता खुर्चीत बसवून दुसऱ्याच्या स्वल्पविरामांचा हिशेब करायला लावताय. बाहेरून आरडाओरडा ऐकू येत असेल ना त्याला? आणि निव्वळ व्यवहाराचं बोलायचं तर हेही ऐका. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांना कॉमन ॲप नावाच्या एकाच अर्जातून अर्ज करता येतो. त्यात अभ्यासाबाहेरच्या गोष्टींसाठी दहा रकाने असतात. तुमच्या पत्रावरून दिसतं ते एवढंच की त्यातला एक भरलेला होता, तो तुम्ही खोडलात. त्याच अर्जात एक निबंधही असतो, जास्तीत जास्त 650 शब्दांचा, स्वतःबद्दलचा. म्हणजे तुम्ही ज्यासाठी सर लावलेत तो निबंध आहे, पण परीक्षेत नाही, आणि तो सरांनी लिहून द्यायचा नसतो. आज लिहायला बसला तर तुमचा मुलगा काय लिहील? पाचला उठलो, शंभर सोडवले, रात्री बाबांनी तपासले.

त्याला उद्यापासून मैदानावर जाऊ द्या. रकाना भरायला म्हणून नाही. खेळून आला, जेवला, की पाऊण तास ते बारा-पंधरा प्रश्न आणि ती वही. दर दोन आठवड्यांनी ब्लूबुकवर एक पूर्ण परीक्षा, वेळ लावून, दार बंद करून. स्कोअर त्याने सांगितला तर ऐका, नाही सांगितला तर विचारू नका. सुरुवातीला आकडा थोडा खाली आला तरी घाबरू नका; अंदाजाने मिळणारे गुण आधी जातात.

'आणखी सराव कसा करून घ्यावा' याचं उत्तर मी तुम्हाला देत नाही, कारण सराव करणारा पत्रात कुठे बोललेलाच नाही. पुढचा ईमेल त्याचा येऊ द्या, त्याच्याच खात्यावरून. मराठीत, इंग्रजीत, कसाही. त्याला कुठे जायचंय, जायचंय की नाही, आणि गेल्या आठवड्यात कुठला प्रश्न चुकला, एवढं लिहिलं तरी पुरे. तुम्हाला सीसी ठेवू नका म्हणावं.