अर्ध्या तासाने पडदा कोरा का पडतो?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन निवडली. तिन्हींचं दुखणं एकच आहे : पारदर्शक चित्र पडद्यावर उमटवायचं आणि हळूच विरवायचं. अंकात फंक्शनची नावं देवनागरीत छापली आहेत. स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये ती उच्चारावरून ओळखा, अवघड नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. मी निवृत्त शिक्षक. आमच्या वाचनालयाच्या दारात एक जुना संगणक आहे, विंडोज १० आणि चार जीबी रॅमचा. नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं दाखवायला त्यावर ऑटोइटमध्ये (विंडोजवरची कामं आपोआप करवून घेणाऱ्या भाषेत) स्क्रिप्ट लिहिली. दर मिनिटाला एक मुखपृष्ठ उमटतं आणि विरतं. चित्रं पीएनजी आहेत, कोपरे गोल केलेले. आधी कोपऱ्यांमागे राखाडी चौकोन दिसायचा. मग मुलाने ‘अपडेटलेयर्डविंडो’ हे विंडोजचं फंक्शन वापरणारा तुकडा आणून दिला. चौकोन गेला, पण माझी ‘पुढचं’ आणि ‘बंद’ ही बटणंही गेली. सगळ्यात वाईट म्हणजे साधारण अर्ध्या तासाने चित्रं येणंच थांबतं. संगणक बंद करून चालू केला की पुन्हा अर्धा तास बरा. स्क्रिप्ट सोबत जोडली आहे. (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : सर, शेवटचा मुद्दा आधी घेते. ‘साधारण अर्धा तास’ हे शब्द वाचले आणि मी हिशोबाची वहीच पुढे ओढली.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये अपारदर्शकता ० पासून २५५ पर्यंत पाच-पाचने वाढते. म्हणजे ५२ पायऱ्या. विरताना तशाच उलट ५२. एका पुस्तकामागे १०४ पायऱ्या झाल्या. प्रत्येक पायरीवर तुम्ही विंडोजकडून तीन वस्तू मागून घेता : पडद्याचा डीसी (डिव्हाइस कॉन्टेक्स्ट, म्हणजे विंडोजची रंगवायची पाटी), स्मृतीतला डीसी आणि चित्राचा बिटमॅप, म्हणजे त्याचे ठिपके. एकही परत करत नाही. १०४ गुणिले ३, म्हणजे ३१२. विंडोज एका प्रोग्रामला अशा जीडीआय (विंडोजचा चित्रं रंगवणारा भाग) वस्तू एरवी दहा हजारांपर्यंतच देतं. १०,००० भागिले ३१२ केलं तर उत्तर येतं ३२ आणि वर थोडं. मिनिटाला एक पुस्तक, म्हणजे बत्तिसाव्या मिनिटाच्या आसपास खातं बंद! तुमच्या वाचनालयाच्या भाषेत सांगायचं तर या सभासदाने पुस्तकं नेली, परत एकही आणलं नाही, आणि शेवटी ग्रंथपालांनी कार्ड अडवलं. संगणक बंद करायची गरज नव्हती. नुसती स्क्रिप्ट बंद केली तरी विंडोज सगळं जमा करून घेतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी बघा. टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये जा, वरच्या रकान्यांवर उजवी टिचकी मारून ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ हा रकाना निवडा. तुमच्या स्क्रिप्टसमोरचा आकडा प्रत्येक पुस्तकाला तीनशेने चढताना दिसेल. दुरुस्ती झाली की तो पंचवीस-तीसवर बसलेला असेल आणि हलणार नाही.

दुरुस्ती अशी. चित्र उघडणं, त्याचा बिटमॅप करणं, दोन्ही डीसी घेणं हे सगळं लूपच्या, म्हणजे पायरीपायरीने पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, बाहेर, एकदाच. लूपमध्ये फक्त एक आकडा बदलायचा. अपडेटलेयर्डविंडोला जे छोटं ‘ब्लेंड’ स्ट्रक्चर देता, त्यातला अल्फा, म्हणजे चित्र किती दिसायचं तो आकडा. तो बदलला, फंक्शन पुन्हा बोलावलं, संपलं. पुस्तक विरलं की परतफेडीचा क्रम सांभाळा : आधी डीसीमध्ये जुना बिटमॅप परत बसवायचा, मग आपला बिटमॅप डिलीट, मग स्मृतीतला डीसी डिलीट, पडद्याचा डीसी रिलीज, आणि शेवटी जीडीआय-प्लसचं (जीडीआयच्या पुढच्या आवृत्तीचं) चित्र डिस्पोज. शेवटचं विसरलात तर या रकान्यात कळणार नाही, पण मेमरी फुगत जाईल. १९२० बाय १०८० चं चित्र फाइल म्हणून दोनशे केबीचं असलं तरी उघडल्यावर प्रत्येक ठिपक्याला चार बाइट धरून ८० लाखांवर बाइट खातं. मोबाइलने काढलेला ४००० बाय ३००० चा फोटो तसाच टाकलात, तर ४ कोटी ८० लाख. मुखपृष्ठ पडद्यावर जेवढं दिसणार तेवढंच लहान करून ठेवा. चार जीबीच्या मशीनवर विरण्याचे झटके निम्मे तिथेच कमी होतील.

आता राखाडी चौकोन. ऑटोइटचं चित्र दाखवायचं साधं पिक-कंट्रोल बीएमपी, जेपीजी आणि जीआयएफ घेतं, पीएनजी घेत नाही. त्यासाठी जीडीआय-प्लसमधून जावं लागतं. पण तिथून नुसत्या खिडकीवर चित्र रंगवलं, तर पारदर्शक कोपऱ्यांतून खिडकीची राखाडी जमीनच दिसते. आमच्या प्रेसमध्ये बटर पेपरवरची अक्षरं चिकटवायची असत. बटर पेपर कितीही पातळ असला तरी खालचा पुठ्ठा कुठे जातो? तसंच. खिडकी हाच पुठ्ठा आहे.

यावर विंडोज २००० पासून दोन वाटा आहेत. एक म्हणजे सगळी खिडकी एकसारखी विरळ करणं. ऑटोइटमध्ये विनसेटट्रान्स, ० ते २५५. यात पुठ्ठ्यासकट सगळंच फिकं होतं, राखाडी चौकोनसुद्धा. दुसरी वाट तुमच्या मुलाने दिलेली. त्यात खिडकीला स्वतःचा पुठ्ठाच नसतो. प्रत्येक ठिपका किती दिसायचा हे चित्रच सांगतं, आणि वर ब्लेंडमधला अल्फा सगळ्यांना एकदम लावतो. तुम्हाला हीच हवी. फक्त दोन्ही वाटा एका खिडकीवर एकत्र करू नका. विनसेटट्रान्स एकदा लावलं की त्या खिडकीवर अपडेटलेयर्डविंडो नापास होत राहतं. खिडकीवरची ‘लेयर्ड’ ही खूण काढून पुन्हा लावेपर्यंत ते काम करत नाही. तुमच्या स्क्रिप्टच्या सत्तराव्या ओळीत ते विनसेटट्रान्स अजून शिल्लक आहे. आत्तापर्यंत त्या ओळीपर्यंत गाडी पोचत नव्हती, एवढंच. ती ओळ काढा.

बटणं गेली, तो तुमचा दोष नाही. या दुसऱ्या प्रकारच्या खिडकीवर जे तुम्ही चित्र म्हणून देता तेवढंच दिसतं. वर ठेवलेली कंट्रोल्स तिथे असतात, पण रंगत नाहीत. उपाय जुना आहे : वर दुसरी खिडकी टाकायची. तिला एमडीआय-चाइल्डची खूण दिली की पहिली हलली तर तीही हलते. तिची जमीन एका ठरावीक रंगाने भरायची आणि ‘सेटलेयर्डविंडोअ‍ॅट्रिब्यूट्स’ला तोच रंग अदृश्य करायला सांगायचं. बटणं राहतात, जमीन जाते. या रंगासाठी सगळे भडक गुलाबी वापरतात, कारण तो चित्रात नसतो. मी तसं सांगणार नाही. बटणावरची अक्षरं विंडोज गुळगुळीत करतं, तेव्हा कडांचे ठिपके जमिनीच्या रंगात मिसळतात. ते ठिपके पुरते गुलाबी नसतात म्हणून अदृश्य होत नाहीत, आणि प्रत्येक अक्षराला लिपस्टिक लागते. मुखपृष्ठांच्या सर्वसाधारण रंगाजवळचा एखादा मळकट रंग घ्या. कडा उरल्या तरी डोळ्यांत येत नाहीत.

वेग. प्रत्येक पायरीवर तुम्ही दहा मिलिसेकंद झोपता आणि धरून चालता की ५२ पायऱ्या अर्ध्या सेकंदात होतील. विंडोजचं घड्याळ मुळात १५.६ मिलिसेकंदांच्या ठोक्याने चालतं. दहाची झोप पंधरा-सोळाची होऊ शकते. वर रंगवायला लागणारा वेळ निराळा. म्हणून पायऱ्या मोजू नका, वेळ मोजा. सुरुवातीला टायमरइनिट, लूपमध्ये टायमरडिफ. गेलेला वेळ भागिले ८००, गुणिले २५५ हा त्या क्षणाचा अल्फा. २५५ च्या वर गेला तर २५५. मशीन जुनं असलं तर पायऱ्या कमी पडतील, पण विरायला ८०० मिलिसेकंदच लागतील.

हे सांगताना स्वतःची एक फजिती सांगते. सांगलीतल्या आमच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात गिऱ्हाइकांना नमुने दाखवायला मी अशीच स्क्रिप्ट केली होती. विरताना २५५ पासून दहा-दहाने खाली. २४५, २३५… आणि शेवट? ५. शून्य येतच नाही! पाचला चित्र डोळ्याला दिसत नाही, पण खिडकी जागेवर असते आणि टिचक्या गिळते. डेस्कटॉपच्या मधल्या भागातली आयकॉन्स उघडेनात. मी माउस बदलला. मग दुसराही बदलला. चार दिवसांनी शेजारच्या पोराने पडद्याची चमक पूर्ण वाढवली तेव्हा पैठणीच्या काठाची बॉर्डर असलेली पत्रिका भुतासारखी उभी दिसली. तुमची पायरी पाचची आहे, म्हणून शून्यावर बरोबर उतरते. तरी विरून झालं की खिडकी सरळ लपवा, जीयूआयसेटस्टेटने. उमटतानाही तेच : दहाची पायरी २५० ला थांबते आणि चित्र शेवटपर्यंत किंचित फिकंच राहतं.

गोल कोपऱ्यांत जिथे चित्राचा अल्फा शून्य आहे, तिथली टिचकी मात्र मागच्या खिडकीला पोचते. तो बिघाड नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाचं बोधचिन्ह मरून रंगाचं आहे. पांढरी पार्श्वभूमी काढून पीएनजी केली. पांढऱ्यावर छान दिसतं, पण गडद निळ्या पडद्यावर विरवत आणलं की भोवती पांढरी रेघ दिसते. जीआयएफ करून पाहिलं, तर कडा करवतीसारख्या. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : स्क्रिप्ट निर्दोष, चित्र दोषी. मूळ चित्रात कडेचा ठिपका अर्धा मरून, अर्धा पांढरा, म्हणजे गुलाबी होता. तुम्ही पार्श्वभूमी काढलीत तेव्हा त्याला अर्धपारदर्शक केलंत, पण त्याचा रंग गुलाबीच राहिला. पांढऱ्यावर तो लपतो, निळ्यावर चुगली करतो. फोटोशॉपमध्ये ‘मॅटिंग’खाली पांढरा मॅट काढायची सोय आहे. गिंपमध्ये ‘कलर टू अल्फा’ घेऊन पांढरा रंग निवडा; ते गुलाबीतलं पांढरं वेगळं करून खाली शुद्ध मरून ठेवतं. बोधचिन्हाच्या आतही पांढरा भाग असेल तर तो आधी निवडीतून वगळा, नाहीतर तिथे भोक पडेल. सगळ्यात उत्तम म्हणजे ज्याने चिन्ह काढलं त्याच्याकडून व्हेक्टर फाइल मागणं आणि तिथूनच पारदर्शक पीएनजी काढणं. डिझायनर फाइल द्यायला कुरकुरतात, मला माहीत आहे, मीही कुरकुरते.

जीआयएफचा नाद सोडा. त्यात फार तर २५६ रंग, आणि त्यातला एक पारदर्शक. ठिपका एक तर आहे, नाही तर नाही. अर्धा कधीच नाही. पीएनजी १९९६ मध्ये आलं ते ठिपक्यागणिक २५६ पातळ्यांचा अल्फा घेऊन.

रेघ पांढरी नसून कडा नुसत्याच चकाकत असतील तर दुखणं वेगळं. अपडेटलेयर्डविंडोला रंग आधीच अल्फाने गुणून हवा असतो. लाल २५५ आणि अल्फा १२८ असेल तर लाल १२८ म्हणून द्यायचा. ही गुणून ठेवण्याची रीत थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांच्या १९८४ च्या निबंधापासून रुळलेली आहे. बिटमॅपचे बाइट तुम्ही हाताने भरत असाल, तरच याची काळजी करा.

प्रश्न : मी पायथनमध्ये टीकेइंटर (खिडक्या बनवायची लायब्ररी) शिकतेय. फंक्शनमध्ये पीएनजी उघडून लेबलवर लावलं तर जागा रिकामीच राहते, एररसुद्धा येत नाही. आणि विरवताना खिडकी ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ होते. (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : अगं, फंक्शन संपलं की तुझा फोटोइमेज कुणी धरून ठेवलेला नसतो, म्हणून पायथन तो उचलून टाकतं. लेबलला स्वतःला ते चित्र माहीत असतं फक्त नावाने. ‘लेबल.इमेज बरोबर फोटो’ अशी एक ओळ वाढव, झालं.

लेबलला स्वतःचा पार्श्वरंग असतो, त्यामुळे पारदर्शक भागातून तोच दिसेल. मागचं दृश्य दिसायला हवं असेल तर कॅनव्हासवर चित्र ठेव. खिडकीचा अल्फा ० ते १ मध्ये देतात, पण तो सगळ्या खिडकीचा. कॅनव्हासवरच्या एकाच चित्राला असा अल्फा नसतो. पिलो या चित्रांच्या लायब्ररीने त्याच चित्राच्या वीस फिक्या-गडद प्रती आधी बनवून यादीत ठेव आणि एकामागून एक बदल. यादी जिवंत ठेवलीस म्हणजे वरचा घोळही होणार नाही.

टाइम-स्लीप काढून टाक. तू झोपलीस की खिडकीही झोपते. त्याऐवजी ‘आफ्टर’ला ३० मिलिसेकंद सांग आणि त्याच फंक्शनला पुन्हा बोलावायला लाव. शेवटची प्रत लागली की बोलावणं थांबव, एवढं विसरू नकोस.