वाडा रिकामा करा, पण भाडेकरूचा हक्क लिहून देऊ नका

प्रश्न : सांगलीत एसटी स्टँडजवळच्या जुन्या वाड्यात आम्ही सासऱ्यांच्या काळापासून भाड्याने राहतो. एकूण अकरा भाडेकरू आहोत. महापालिकेने वाडा धोकादायक ठरवून रिकामा करण्याची नोटीस लावली आहे. मालकांनी बिल्डरशी व्यवहार केला असून, ‘स्टँडजवळची जागा म्हणून जादा एफएसआय (भूखंडावर बांधकाम करण्याची मर्यादा) मिळेल, सगळ्यांना खोली देऊ’ असे सांगून पाचशेच्या स्टँपवर सह्या मागत आहेत. सासरे वारले, तरी पावत्या त्यांच्याच नावाने निघतात. यजमानांची नोकरी मिरजेत, मुलांची शाळा इथे. एवढ्या भाड्यात दुसरीकडे जागा मिळणार नाही. सही करावी का?

उत्तर : आपण पाठवलेल्या मजकुराच्या तिसऱ्या कलमात ‘मी स्वखुशीने भाडेकरू हक्क सोडून ताबा देत आहे’ असे लिहिले आहे. खोली किती चौरस फुटांची, कोणत्या मजल्यावर आणि केव्हा मिळणार, याचा मात्र त्यात उल्लेखही नाही. या कागदावर कृपया सही करू नये.

त्याच वेळी, सोबतच्या छायाचित्रात जिन्याखालच्या तुळईला लावलेला लाकडी टेकू पाहून मला काळजी वाटते. पावसाळ्यापूर्वी तिथून बाहेर पडा. महापालिका अधिनियमाच्या कलम 264 खालील नोटीस जीविताच्या रक्षणासाठी असते. ती पाळल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही. इमारत पाडली गेली तरी भाडेपट्टा आपोआप संपुष्टात येत नाही, कारण भाडेकरूचा हक्क इमारतीखालच्या जमिनीशीही निगडित असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने शहा रतनशी खिमजी विरुद्ध कुंभार सन्स हॉटेल या प्रकरणात 2014 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून निघताना मालक आणि महापालिका या दोघांनाही पोच घेऊन पत्र द्या : ‘नोटिशीमुळे, जीविताच्या भीतीने जागा तात्पुरती रिकामी करीत आहोत, भाडेकरू हक्क कायम आहे.’ पाडकामापूर्वी प्रत्येक खोलीचे मोजमाप करून भाडेकरूंची यादी करावी, असा अर्जही अकराही जणांच्या सहीने महापालिकेत द्या. भिंती गेल्यावर कोणाची खोली किती होती, हे सिद्ध करणे फार जड जाते.

पावत्यांबाबत घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 7 मधील व्याख्येनुसार, मूळ भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो. सासऱ्यांचा मृत्यू दाखला, त्या काळातील रेशनकार्ड आणि वीजबिल जपून ठेवा. मालकांनी भाडे नाकारले, तर ते मनिऑर्डरने पाठवा.

नवे बांधकाम करायचे म्हणून मालकांनी दावा लावला, तर याच अधिनियमाच्या कलम 16 नुसार मंजूर नकाशे आणि पुरेसा निधी हाती असल्याची न्यायालयाची खात्री पटवावी लागते, तसेच नव्या इमारतीत भाडेकरूंना जागा देण्याची हमीही द्यावी लागते. थोडक्यात, आपली संमती बिल्डरला हवी आहे. जुन्या भाडेकरूंच्या पुनर्वसनासाठी राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत विकास नियमावलीत प्रोत्साहनपर जादा बांधकाम क्षेत्र आहे आणि ते भाडेकरूंच्या जोरावरच मिळते. स्टँड जवळ असल्याच्या दाव्यावर मात्र विसंबू नका. स्थानकाजवळची जागा म्हणून जादा एफएसआय मेट्रोलगत मिळतो, आणि पुणे-नागपूरसारखी मेट्रो सांगलीत नाही. इथे प्रामुख्याने समोरच्या रस्त्याची रुंदी पाहिली जाते. मंजूर नकाशाची प्रत मागा.

सांगलीकरांनी आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी, ती म्हणजे पूररेषा. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती आणि स्टँड परिसरात पाणी शिरले होते. आपली मिळकत निळ्या रेषेत (नदीलगतचा, कडक निर्बंधांचा पट्टा) येते की लाल रेषेत (त्यापलीकडचा, तुलनेने सौम्य निर्बंधांचा पट्टा), यावर परवानगी आणि जोत्याची उंची अवलंबून राहते. परवानगीच अडकली, तर अकरा कुटुंबे वर्षानुवर्षे बाहेर राहतील. दुकाने वर आणि भाडेकरू तळघरालगत, अशी वाटणीही स्वीकारू नका. मजला करारात लिहून घ्या.

मालक, बिल्डर आणि भाडेकरू अशा तिघांचा पर्यायी जागेचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. नोटरीचा शिक्का त्याची जागा घेऊ शकत नाही. चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा), ताब्याची तारीख, तोपर्यंतचे दरमहा भाडे, उशीर झाल्यास भरपाई, नवी जागा मालकीची की भाड्याचीच, आणि मासिक देखभाल खर्च कोण देणार, हे त्यात स्पष्ट असावे. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक समजू नका, कारण लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचा खर्च न झेपल्याने हाती आलेले घर विकणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. विकायच्या सदनिका असतील आणि भूखंड 500 चौरस मीटरहून मोठा आणि सदनिका आठांहून अधिक असतील, तर प्रकल्पाची महारेरा (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारे राज्याचे प्राधिकरण) नोंदणी बंधनकारक आहे. तो क्रमांकही मागा.

अकरापैकी एकानेही वेगळी सही करण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून हा मसुदा वाचावा, आणि मूळ पावत्या वाड्यात न ठेवता आजच नातेवाइकांकडे हलवाव्यात.