एका तबकडीवर तीन खोल्या

(जुन्या रेकॉर्डींविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणाऱ्याने आयुष्यातली चाळीस वर्षं ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काढली आहेत.)

प्रश्न : एल्विस प्रेस्लीची पहिली एलपी (बारा गाण्यांची मोठी रेकॉर्ड) मी नुकतीच सलग ऐकली. पहिल्या बाजूचं चौथं गाणं संपून पाचवं सुरू झालं आणि वाटलं, कुणीतरी सुई उचलून दुसऱ्याच रेकॉर्डवर ठेवली. पियानो नाहीसा होतो, जागा लहान होते. हा माझ्या कानांचा दोष की रेकॉर्डचा?

उत्तर : दोष कुणाचाच नाही. तुम्ही जे ऐकलंत ते खरंच तिथे आहे, आणि ते तुम्हाला न सांगता ऐकू आलं याचा मला फार आनंद झाला.

चौथं गाणं ‘वन-सायडेड लव्ह अफेअर’. ते न्यूयॉर्कमध्ये जानेवारी १९५६च्या अखेरीस मुद्रित झालं, आणि पियानोवर आहे शॉर्टी लाँग. पाचवं ‘आय लव्ह यू बिकॉज’ त्याच्या दीड वर्ष आधीचं, जुलै १९५४चं, मेम्फिसच्या युनियन अ‍ॅव्हेन्यूवरच्या सन स्टुडिओतलं. तेव्हा एल्विस १९ वर्षांचा होता. सोबत दोनच माणसं, गिटारवर स्कॉटी मूर आणि उभ्या बासवर, म्हणजे खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्यावर, बिल ब्लॅक. ड्रम वाजवणारा कुणीच नाही. ‘जस्ट बिकॉज’सारख्या सनच्या जलद गाण्यांत जी टकटक ऐकू येते, ती बिल ब्लॅकच्या बासची. तो तार ओढून अशी सोडायचा की ती खालच्या लाकडावर आपटायची.

झालं असं की नोव्हेंबर १९५५मध्ये आरसीए व्हिक्टर या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने सन स्टुडिओ आणि सन रेकॉर्ड कंपनीचे मालक सॅम फिलिप्स यांच्याकडून एल्विसचा करार ३५,००० डॉलरला घेतला. कराराबरोबर टेपाही आल्या, आणि त्यांत फिलिप्सने कधीच बाजारात न आणलेली गाणी होती. आरसीएचे निर्माते स्टीव्ह शोल्स एलपीच्या जुळवाजुळवीला लागले. १० आणि ११ जानेवारीला नॅशव्हिलमध्ये झालेल्या कामातून तीन गाणी घेतली, न्यूयॉर्कमधून चार. सातांवर एलपी होत नाही. मग मेम्फिसच्या टेपांतून पाच काढली आणि बारा पूर्ण केली. २३ मार्च १९५६ला रेकॉर्ड बाजारात आली.

आता तुम्हाला जाणवलेल्या जागेविषयी. सनमध्ये फिलिप्स दोन टेपयंत्रं वापरायचे. आवाज दुसऱ्या यंत्राच्या टेपवर उतरायचा आणि मुद्रण करणाऱ्या हेडच्या किंचित पुढे असलेल्या वाचणाऱ्या हेडमधून (टेपवरचा आवाज उचलणाऱ्या भागातून) लगेच परत यायचा. हेडांमधलं अंतर जेमतेम दोन बोटांचं, त्यामुळे आवाज सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्शाने मागून यायचा. फिलिप्स तो मूळ आवाजात मिसळायचे. शब्दाला त्याचीच सावली लागून येते. घुमल्यासारखं वाटत नाही, कारण सावली शब्दाला लगटून असते. नॅशव्हिलमध्ये आरसीएच्या माणसांनी हाच आवाज आणायचा प्रयत्न केला, पण त्यांची रीत वेगळी होती. त्यांनी लांब पॅसेजच्या एका टोकाला स्पीकर ठेवला आणि दुसऱ्या टोकाला मायक्रोफोन. तिथला प्रतिध्वनी मोठ्या, रिकाम्या इमारतीचा आहे. मी स्वतः पॅसेजचा असा उपयोग केला आहे. त्यात कुणाची तरी चप्पल वाजते, दार करकरतं, आणि गायकाच्या आवाजाभोवती एक थंडपणा येतो. तुम्ही ‘मनी हनी’ आणि ‘जस्ट बिकॉज’ पाठोपाठ ऐका, मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

ही एलपी घाईत जोडलेली म्हणून अनेकजण कमी लेखतात. घाई होती हे मान्य. पण माझं ठाम मत आहे की तिचा जीव फिलिप्सने बाजारात न आणलेल्या त्या पाच गाण्यांत आहे, आणि त्यांतही एका गाण्यात. त्याच्याकडे शेवटी येतो.

प्रश्न : मग ‘हार्टब्रेक हॉटेल’ या एलपीत का नाही? तेही त्याच महिन्यातलं ना?

उत्तर : तेही १० जानेवारीचंच, नॅशव्हिलचं. पण ते २७ जानेवारीला सिंगल (दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) म्हणून निघालं होतं आणि जोरात खपू लागलं होतं. सिंगल आणि एलपी हे तेव्हा दोन वेगळे धंदे होते. सिंगल डॉलरच्या आत मिळायची, एलपी जवळपास चार डॉलरला. लोकप्रिय सिंगल नसतानाही ही एलपी बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या खपाच्या यादीत १० आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. तिथवर पोचलेली ती रॉक अँड रोलची पहिली एलपी.

प्रश्न : माझा मुलगा म्हणतो, यातली निम्मी गाणी दुसऱ्यांची उचललेली आहेत. मग एल्विसचं श्रेय काय?

उत्तर : मुलाचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे, आणि त्याला मूळ गाणी ऐकायला जरूर लावा. ‘आय गॉट अ वूमन’ रे चार्ल्सचं, ‘मनी हनी’ ड्रिफ्टर्सचं, ‘टूटी फ्रूटी’ लिटल रिचर्डचं. ‘टूटी फ्रूटी’बाबत मी स्पष्टच सांगतो, लिटल रिचर्डपुढे एल्विसचं गाणं फिकं आहे. रिचर्डच्या आवाजात जी आग आहे ती इथे नाही.

‘ब्लू स्वेड शूज’चं प्रकरण मात्र मनाला लागतं. ते कार्ल पर्किन्सने स्वतः लिहिलेलं, सनवरच निघालेलं आणि गाजत असलेलं गाणं. टीव्हीवरच्या कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला जात असताना २२ मार्च १९५६ला पर्किन्सच्या गाडीला भीषण अपघात झाला. दुसऱ्याच दिवशी एल्विसची ही एलपी आली, आणि तिचं पहिलं गाणं ‘ब्लू स्वेड शूज’. यात एल्विसचा दोष काढता येत नाही, पण पर्किन्स रुग्णालयात पडून असताना त्याचं गाणं दुसऱ्याच्या आवाजात घरोघर जात होतं, हे आठवल्याशिवाय मला ती पहिली बाजू लावता येत नाही. पर्किन्सची गती जरा सैल, पाय टाकत चालल्यासारखी आहे. एल्विस तेच गाणं धावत म्हणतो. दोन्ही ऐका.

प्रश्न : वडिलांची प्रत माझ्याकडे आली आहे. जॅकेटवर स्टीरिओ लिहिलंय आणि क्रमांक एलएसपी १२५४, पुढे कंसात ई. आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. सुई बदलू का?

उत्तर : सुईला हात लावू नका. १९५६ची मूळ रेकॉर्ड मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज देणारी, तिचा क्रमांक एलपीएम १२५४. तुमची नंतरच्या काळातली आहे. स्टीरिओची मागणी वाढल्यावर कंपनीने मोनो टेपच यंत्रातून काढून कृत्रिम स्टीरिओ बनवला. ‘ई’ म्हणजे तेच. अशा कामात उंच सूर एका बाजूला ढकलतात, खर्ज दुसऱ्या बाजूला, आणि वर घुमारा चढवतात. फिलिप्सने जपून बसवलेली ती सावली या घुमाऱ्यात बुडते. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, दोन बाजू तरी एकत्र येतील. चढवलेला घुमारा मात्र निघणार नाही. वडिलांची प्रत जपून ठेवा आणि ऐकायला एक मोनो प्रत मिळवा, नवीन छापाची असली तरी चालेल.

ती मिळाली की दुसऱ्या बाजूचं पाचवं गाणं लावा, ‘ब्लू मून’. ऑगस्ट १९५४, मेम्फिस. रॉजर्स आणि हार्ट या संगीतकार-गीतकार जोडीचं हे गाणं मुळात सुखान्त आहे. एकट्या माणसाला शेवटी प्रेम मिळतं आणि चंद्र सोन्याचा होतो. एल्विसने ते कडवंच गायलेलं नाही. मागे घोड्याच्या टापांसारखा संथ ठेका चालू राहतो, शब्द संपतात, आणि त्यांच्या जागी तो नुसता उंच, पातळ आवाजात हुंकारतो. पुन्हा पहिल्या ओळीवर येतो, पुन्हा हुंकार. चंद्र शेवटपर्यंत निळाच राहतो. फिलिप्सने हे गाणं सव्वा वर्ष कपाटात ठेवलं होतं. खोलीतले दिवे कमी करून, आवाज फार न वाढवता ऐका, आणि पुढचं ‘मनी हनी’ सुरू व्हायच्या आत सुई उचला.