प्लेस्टेशन १ उलटा ठेवल्यावरच डिस्क का वाचतो?

तुमचा १००१ मॉडेलचा प्लेस्टेशन उलटा ठेवल्यावरच गेम वाचतो, म्हणजे लेन्सची गाडी (डिस्कखाली लेसर-लेन्स घेऊन सरकणारा भाग) झिजून किंचित कलली आहे; उलटा ठेवल्यावर ती स्वतःच्या वजनाने पुन्हा सावरते. लेसर बहुतेक अजून शाबूत आहे. सुरुवातीच्या मॉडेलांत ही गाडी प्लास्टिकची आणि पॉवर सप्लायला खेटून असायची. त्या उष्णतेत प्लास्टिक घासलं जातं आणि आधी गेममधले व्हिडिओ अडखळायला लागतात. पुढच्या मॉडेलांत लेसर दुसऱ्या बाजूला हलवला, तो याचसाठी. (डिस्कच्या काळ्या रंगाचा दोष नाही, लेसरचा अवरक्त प्रकाश त्यातून सहज जातो.)

प्लग काढून थोडं थांबा, मग:
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब कापसाच्या इअरबडवर घेऊन लेन्स हलक्या हाताने पुसा. दाबू नका, ती नाजूक तारांवर तरंगती असते.
- गाडी ज्यावर सरकते त्या पट्टीवरचं जुनं काळं ग्रीस पुसून तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं लिथियम ग्रीस लावा. शिलाई मशीनचं तेल नको, धूळ धरतं.

तरीही अडखळला तर केएसएम-४४० लेसर असेंब्ली बदला. इंदुरात जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारून बघा, पण आपल्या मॉडेलचीच घ्या. डिस्क फिरतच नसेल तर मात्र आधी झाकणाचा स्विच तपासा.